गवतपोषित गोमांस

गवतपोषित गोमांस म्हणजे आयुष्यभर केवळ गवत, शेंगावर्गीय हिरवा चारा, झाडपाला व वाळलेली वैरण यांवर वाढवलेल्या गुरांचे मांस होय. वासराने आईचे दूध सोडल्यापासून कत्तलीपर्यंत त्याला मका, जव, सोयाबीन यांसारखे धान्य दिले जात नाही, हे या मांसाचे व्यवच्छेदक लक्षण आहे. इंग्रजीतील 'ग्रास-फेड बीफ' या संज्ञेने ते जगभर ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगातील बहुतेक गोमांस याच प्रकारचे होते. त्यामुळे त्याला वेगळ्या नावाची गरज नव्हती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धान्यावर गुरे पुष्ट करण्याची पद्धत रूढ झाल्यानंतर जुन्या पद्धतीला हे विशेषण लागले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिका व युरोपमधील शहरी ग्राहकांत या मांसाला मागणी वाढली आणि त्यासाठी जास्त किंमत मोजण्याची तयारीही दिसू लागली. या आकर्षणामागे चव, आरोग्य, जनावरांचे हित आणि जमिनीचे संवर्धन अशी चार कारणे सांगितली जातात. त्यांपैकी काही दाव्यांना भक्कम आधार आहे, तर काहींविषयी शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. 'गवतपोषित' हा शब्द केवळ आहाराविषयी सांगतो. जनावर कसे वागवले गेले, कुरण कोठून आले आणि जमिनीचे पुढे काय झाले, हे त्या शब्दात अंतर्भूत नाही. मात्र ग्राहक बहुधा ते गृहीत धरतो.

संज्ञेचा अर्थ

धान्यावर पुष्ट केलेले जनावरही आयुष्याचा पूर्वार्ध गवतावरच काढते. अमेरिकेतील सर्वसाधारण पद्धतीत वासरू सहा ते नऊ महिने आईबरोबर कुरणात असते, त्यानंतर काही महिने चाऱ्यावर वाढते आणि अखेरचे चार ते सहा महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे हजारो गुरे कोंडून त्यांना धान्य खाऊ घालण्याच्या मोठ्या वाड्यांत, राहते. दोन्ही प्रकारांतील खरा फरक या अखेरच्या टप्प्यात आहे. म्हणून काटेकोर उत्पादक 'ग्रास-फेड' ऐवजी 'ग्रास-फिनिश्ड', म्हणजे शेवटपर्यंत गवतावरच पोसलेले, ही संज्ञा पसंत करतात.

'सेंद्रिय' आणि 'गवतपोषित' हे शब्दही समानार्थी नाहीत. अमेरिकी नियमांनुसार सेंद्रिय गुरांना सेंद्रिय पद्धतीने पिकवलेले धान्य देता येते. याउलट गवतपोषित जनावराला संप्रेरके किंवा प्रतिजैविके दिलीच नसतील असे नुसत्या त्या शब्दावरून म्हणता येत नाही. बंदिस्त आवारात वाळलेले गवत घालून वाढवलेले जनावरही शब्दार्थाने गवतपोषितच ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५मध्ये संपल्यावर टेक्सासमधील लांब शिंगांची गुरे शेकडो मैल हाकत कॅन्ससमधील रेल्वे स्थानकांपर्यंत नेली जात. ॲबिलीन येथे १८६७पासून हा व्यापार सुरू झाला. तेथून गुरे रेल्वेने शिकागोच्या कत्तलखान्यांत पोहोचत. ज्या मध्य मैदानी प्रदेशातील गवतावर ती वाढत, तेथे त्यापूर्वी कोट्यवधी रानगवे (बायसन) चरत होते. रानगव्यांचा संहार आणि मूळ रहिवाशांचे विस्थापन झाल्यावरच ही कुरणे गुरांसाठी मोकळी झाली. गवतपोषित मांसाच्या जाहिरातींतील मोकळ्या माळरानाच्या चित्रात इतिहासाची ही बाजू क्वचितच येते.

दक्षिण अमेरिकेत पांपा नावाच्या विस्तीर्ण गवताळ मैदानात गुरे इतकी विपुल होती, की दीर्घकाळ त्यांची कातडी व चरबी यांनाच मोल होते आणि मांस बव्हंशी वाया जाई. उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे १८६५ साली स्थापन झालेल्या लीबिग कंपनीने मांसाचा अर्क आटवून युरोपास पाठवण्यास आरंभ केला. हा कारखाना २०१५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १८७६मध्ये 'ल फ्रिगोरिफिक' हे शीतगृहयुक्त जहाज फ्रान्सहून ब्यूनोस आयर्सला गेले. पुढे शीतवाहतूक स्थिरावल्यावर पांपातील ताजे मांस युरोपच्या बाजारात पोहोचू लागले.

अमेरिकेत १९२७पासून शासकीय प्रतवारी सुरू झाली. तीत मांसातील चरबीच्या बारीक रेषांना, म्हणजे मार्बलिंगला, महत्त्व होते. जितक्या रेषा अधिक तितकी प्रत वरची, आणि अशा रेषा मक्यावर लवकर उमटतात. दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित मका, स्वस्त नत्रखते आणि ओगालाला या प्रचंड भूजलसाठ्यावरील सिंचन यांमुळे मक्याचे उत्पादन अफाट वाढले. गुरांच्या पोटातून जाणारा मका हा या अतिरिक्त पिकाचा एक मोठा निकाल ठरला. फीडलॉटमुळे जनावर १४ ते २२ महिन्यांत बाजारास तयार होऊ लागले. गवतावर त्याला साधारणपणे आणखी सहा महिने ते वर्षभर लागते. कमी दिवस म्हणजे कमी खर्च, या हिशेबापुढे कुरणावरची पद्धत मागे पडली. पुढे कत्तलीचा व्यवसायही काही थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटला. आज अमेरिकेतील धान्यपुष्ट गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरांची कत्तल चार कंपन्या करतात.

पचनसंस्था व जनावरांचे स्वास्थ्य

गाय हा रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या चार कप्प्यांच्या पोटातील रूमेन हा सर्वांत मोठा कप्पा आंबवण्याच्या पिंपासारखा काम करतो. माणसाला न पचणारे तंतू तेथील सूक्ष्मजीव फोडतात. कुरणावरच्या पशुपालनाचे सर्वांत प्रबळ समर्थन याच ठिकाणी आहे: ज्या जमिनीत नांगर चालत नाही, अशा उताराच्या, खडकाळ किंवा कोरड्या भूमीवरील गवताचे रूपांतर जनावर अन्नात करते. जगातील शेतीखालील जमिनीपैकी सुमारे दोनतृतीयांश जमीन कायम कुरणांची आहे.

धान्यातील पिष्ट वेगाने आंबते व रूमेनमधील आम्लता वाढते. खळ्यावर सुटलेल्या जनावराने अधाशीपणाने धान्य खाल्ले, की त्याचे पोट फुगते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फीडलॉटमध्ये धान्याचे प्रमाण हळूहळू वाढवून हा धोका आटोक्यात ठेवतात. तरीही दीर्घकाळच्या आम्लतेमुळे काही जनावरांच्या यकृतात गळवे होतात आणि त्यांवर उपाय म्हणून खाद्यातून प्रतिजैविक दिले जाते. माणसांच्या उपचारांत महत्त्वाची असलेली प्रतिजैविके केवळ वजनवाढीसाठी देण्यास अमेरिकेत २०१७पासून मनाई आहे. युरोपीय समुदायाने वाढीसाठीच्या संप्रेरकांवर १९८०च्या दशकातच बंदी घातली होती.

कुरणावर जनावराला हिंडता येते, कळपात नैसर्गिकपणे वागता येते आणि शेणामुताच्या चिखलात उभे राहावे लागत नाही. अर्थात कुरणावरही उन्हाळा, हिवाळा, गोचीड, जंत आणि दुष्काळ असतातच. सावली व पाण्याची सोय नसलेल्या उजाड रानातील जनावर सुखी असते असे मानण्याचे कारण नाही.

चव, रंग व पाककृती

गवतपोषित मांस गडद तांबडे व कमी चरबीचे असते. चव अधिक उग्र, काहींच्या मते रानटी, असते आणि ती कुरणातील वनस्पती, ऋतू, जनावराची जात व वय यांनुसार बदलते. धान्यपुष्ट मांसाची चव वर्षभर जवळजवळ एकसारखी राहते. हा फरक एका ग्राहकाला दोष वाटतो, तर दुसऱ्याला तोच गुण वाटतो. मक्याच्या मांसावर वाढलेल्या अमेरिकी ग्राहकांना ही चव अनेकदा रुचत नाही. चरबी कमी असल्याने हे मांस लवकर शिजते व जास्त आचेवर चिवट होते. म्हणून ते मंद आचेवर शिजवण्याची किंवा लवकर उतरवण्याची शिफारस केली जाते.

या मांसाची चरबी पांढरी नसून पिवळसर असते. हिरव्या चाऱ्यातील बीटा-कॅरोटीन हे त्याचे कारण. गाईचे तूप पिवळे व म्हशीचे पांढरे दिसते, त्यामागेही हेच द्रव्य आहे: म्हैस कॅरोटीनचे जवळजवळ सर्वच रूपांतर जीवनसत्त्व 'अ'मध्ये करते, गाईच्या स्निग्धांशात मात्र ते उरते. अमेरिकी बाजारात पिवळी चरबी म्हणजे म्हाताऱ्या गाईचे मांस असा समज दीर्घकाळ होता.

पोषणमूल्य

'न्यूट्रिशन जर्नल' या नियतकालिकात २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार गवतपोषित मांसात ओमेगा-३ मेदाम्ले, संयुग्मित लिनोलेइक आम्ल, बीटा-कॅरोटीन व जीवनसत्त्व 'ई' यांचे प्रमाण अधिक असते. ओमेगा-६ व ओमेगा-३ यांचे गुणोत्तर त्यात सरासरी दीडास एक, तर धान्यपुष्ट मांसात साडेसातास एक असे आढळले. हे आकडे जाहिरातींत वारंवार येतात. मात्र गुणोत्तर आणि प्रत्यक्ष मात्रा या भिन्न गोष्टी होत. गोमांसातील ओमेगा-३ मुळातच अल्प असते. बांगडा, तारली किंवा रावस यांसारख्या तेलकट मासळीतून मिळणाऱ्या मात्रेशी त्याची तुलना होऊ शकत नाही. आरोग्यासाठी म्हणून हे मांस निवडणाऱ्याला फायदा होतो तो मुख्यतः कमी चरबीचा.

कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९९८मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की धान्याऐवजी काही दिवस वाळले गवत दिल्यास गुरांच्या आतड्यातील आम्लाला न जुमानणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंची संख्या पुष्कळ घटते. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. गवतपोषित मांसही नीट शिजवणे आवश्यक असते.

चराईची पद्धत

एकाच रानात गुरे वर्षभर मोकळी सोडली, तर ती कोवळे व गोड गवत पुन्हा पुन्हा खुडतात. त्या गवताची मुळे दुबळी होतात व काटेरी, निकृष्ट झुडपे माजतात. यावर उपाय म्हणून रानाचे लहान तुकडे पाडून एकेका तुकड्यात थोडाच काळ दाट कळप चारायचा आणि मग त्या तुकड्याला दीर्घ विश्रांती द्यायची, अशी आळीपाळीची चराई करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ व शेतकरी आंद्रे व्वाझां यांनी १९५०च्या दशकात या पद्धतीची तात्त्विक मांडणी केली. विजेच्या हलक्या तारेच्या कुंपणामुळे ती सोपी झाली. मूळच्या झिम्बाब्वेतील ॲलन सेव्हरी यांनी तिला 'समग्र व्यवस्थापना'चे रूप दिले. २०१३मधील त्यांच्या टेड व्याख्यानात अशा चराईने वाळवंटीकरण परतवता येईल व हवामानबदलही उलटवता येईल असा दावा होता. तो फार लोकप्रिय झाला आणि अनेक परिसंस्थाशास्त्रज्ञांनी खोडूनही काढला.

गवताला उसंत दिल्यास ते परतते, एवढे तत्त्व मात्र वादातीत आहे. महाराष्ट्रात हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी करून डोंगरावरचे गवत वाढू दिले व ते कापून गुरांना घातले, त्यामागेही हाच विचार होता. तेथील हेतू दुधाचा होता, मांसाचा नव्हता.

अमेरिकेत या पद्धतीचे गाजलेले उदाहरण म्हणजे जॉर्जिया राज्यातील ब्लफ्टन येथील 'व्हाइट ओक पाश्चर्स' हे शेत. १८६६पासून एकाच घराण्याकडे असलेल्या या शेतात विल हॅरिस यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास रासायनिक खते, संप्रेरके व धान्य सोडण्यास आरंभ केला. आता तेथे गाई, मेंढ्या, डुकरे व कोंबड्या एकाच भूमीवर पाठोपाठ चरतात, आणि कत्तलखानाही शेतातच आहे.

हवामानबदलाविषयीचा वाद

रवंथ करताना गुरे मिथेन वायू बाहेर टाकतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट तापमानवाढ करतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालानुसार मानवनिर्मित उत्सर्जनापैकी १४.५ टक्के उत्सर्जन पशुपालनातून होते व त्याचा सर्वांत मोठा वाटा गुरांचा आहे. गवतपोषित जनावर अधिक काळ जगते आणि तंतुमय चाऱ्यातून अधिक मिथेन निर्माण होतो. त्यामुळे दर किलो मांसामागे त्याचे मिथेन उत्सर्जन धान्यपुष्ट जनावराहून जास्त भरते. ही गोष्ट अनेक ग्राहकांना अनपेक्षित वाटते.

समर्थकांचा प्रतिवाद असा, की उत्तम चराईने मातीत कार्बन साठतो व तो वजा केला पाहिजे. मिशिगनमधील एका अभ्यासात (२०१८) आळीपाळीच्या चराईखालील मातीत अखेरच्या पोषणटप्प्यातील उत्सर्जनापेक्षाही अधिक कार्बन साठल्याचे दिसले. व्हाइट ओक पाश्चर्सवरील अभ्यासात (२०२०) निव्वळ उत्सर्जन प्रचलित पद्धतीपेक्षा ६६ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु तेवढ्याच मांसासाठी अडीच पट जमीन लागली. ऑक्सफर्डच्या अन्न व हवामान संशोधन गटाने २०१७च्या अहवालात अनेक अभ्यासांचा ताळा मांडला. अनुकूल परिस्थितीतही मातीतील साठवण चराईच्या गुरांच्या उत्सर्जनापैकी २० ते ६० टक्केच भरून काढते. काही दशकांत माती संपृक्त होते व साठवण थांबते. दुष्काळ पडला किंवा जमीन नांगरली तर साठलेला कार्बन परत हवेत जातो, असे त्यात म्हटले आहे. जमीन पूर्वी अतिशय झिजलेली असेल, तर पहिली काही वर्षे साठवण वेगाने होते. व्हाइट ओक पाश्चर्ससारख्या, पूर्वी पिकांखाली झिजलेल्या, शेतांचे आकडे वाचताना ही बाब लक्षात घ्यावी लागते.

जमिनीचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१८मधील एका गणितानुसार अमेरिकेतील सर्व गोमांस गवतपोषित करायचे तर गुरांची संख्या ७.७ कोटींवरून १० कोटींवर न्यावी लागेल, आणि सध्याच्या कुरणांवर आजच्या उत्पादनाच्या २७ टक्केच मांस निघू शकेल. म्हणजे आज जेवढे गोमांस खाल्ले जाते, तेवढेच खात राहून ते सर्व गवतपोषित करणे शक्य नाही.

ब्राझीलचे उदाहरण या संदर्भात अटळ आहे. तेथील बहुसंख्य गुरे कुरणावरच वाढतात. शब्दार्थाने ते मांस गवतपोषितच. परंतु ॲमेझॉनच्या जंगलतोडीचे सर्वांत मोठे कारण गुरांची कुरणे हेच आहे. जंगल जाळून केलेल्या कुरणातील मांस आणि शतकानुशतके गवताळ असलेल्या भूमीवरील मांस यांच्या वेष्टनावर एकच शब्द छापता येतो.

लेबल, प्रमाणपत्रे व बाजार

अमेरिकी कृषी विभागाने २००७मध्ये 'ग्रास-फेड'ची ऐच्छिक मानके ठरवली. दूध सुटल्यानंतर जन्मभर गवत व चारा हाच आहार, आणि गवत वाढण्याच्या हंगामात कुरणात सतत जाण्याची मोकळीक, असे त्यांचे स्वरूप होते. जानेवारी २०१६मध्ये ही मानके मागे घेण्यात आली. लेबलांना मंजुरी देणारी यंत्रणा त्याच विभागातील असली तरी वेगळी आहे, आणि ती मुख्यतः उत्पादकाने सादर केलेल्या कागदपत्रांवर विसंबते. २०२४च्या मार्गदर्शनात तिने त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणपत्राचा आग्रह धरला. सक्ती केली नाही.

डिसेंबर २०१५मध्ये अमेरिकी काँग्रेसने गोमांसावर मूळ देश छापण्याची सक्तीही रद्द केली होती. परिणामी परदेशात वाढलेल्या गुरांचे मांस अमेरिकेतील कारखान्यात कापून किंवा बांधून 'अमेरिकेचे उत्पादन' या शिक्क्याखाली विकता येऊ लागले. स्टोन बार्न्स सेंटर या संस्थेच्या २०१७च्या अहवालानुसार अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गवतपोषित मांसापैकी मूल्याने ७५ ते ८० टक्के मांस ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण अमेरिकेतून आयात होत होते. शेजारच्या शेतकऱ्याला पाठिंबा द्यावा म्हणून जास्त पैसे मोजणारा ग्राहक प्रत्यक्षात दूरच्या देशातील मांस घेत होता, आणि त्या किमतीशी स्पर्धा करणे स्थानिक लहान शेतकऱ्यांना जड जात होते. जन्म, संगोपन, कत्तल व प्रक्रिया हे चारही टप्पे देशात झाले असतील तरच तो शिक्का वापरता येईल, असा नियम २०२४मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२६पासून लागू झाला.

सरकारी व्याख्येच्या अभावी खासगी प्रमाणपत्रांना महत्त्व आले. अमेरिकन ग्रासफेड असोसिएशनच्या मानकांत जन्मभर चारा, बंदिस्त वाड्यांना मनाई, आणि संप्रेरके व प्रतिजैविके न वापरणे यांचा समावेश आहे. ब्रिटनमधील 'पाश्चर फॉर लाइफ' हे प्रमाणपत्र पूर्णतः कुरणावरच्या जनावरांनाच मिळते. आयर्लंडच्या गवतपोषित गोमांसाला २०२३मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले; त्यात मात्र ९० टक्के गवताची अट आहे, शंभर टक्क्यांची नाही. उरुग्वेत २००६पासून प्रत्येक जनावराची नोंद सक्तीची असून त्याच्या कानातील बिल्ल्यावरून त्याचा प्रवास शोधता येतो. अर्जेंटिनाची ख्याती कुरणावरच्या मांसाची असली, तरी तेथील सुपीक पांपा सोयाबीनखाली गेल्याने गेल्या काही दशकांत फीडलॉट झपाट्याने वाढले आहेत.

लहान उत्पादकाला सर्वांत मोठी अडचण कुरणाची नसून कत्तलखान्याची असते. मांस विकण्यासाठी शासकीय तपासणी असलेला कत्तलखाना लागतो. असे लहान कत्तलखाने थोडे व दूर असतात, आणि २०२०च्या महासाथीत तेथे कित्येक महिन्यांची प्रतीक्षा यादी लागली होती. म्हणून अनेक शेतकरी पाव किंवा अर्धे जनावर थेट कुटुंबांना आगाऊ विकतात. अशा व्यवहारात खरेदीदाराला शेत स्वतः पाहता येते.

भारताशी संबंध

महाराष्ट्रात १९७६च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गोहत्येस बंदी आहे. १९९५च्या दुरुस्तीला मार्च २०१५मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ती बैल व वळूंनाही लागू झाली. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, परंतु परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. भारतातून गोमांसाची निर्यात व भारतात त्याची आयात या दोहोंस मनाई आहे. भारतातून निर्यात होते ते म्हशीचे मांस. या म्हशी बव्हंशी दुग्धव्यवसायातील असून कडबा, भुसा व पेंड यांवर वाढलेल्या असतात. त्यामुळे गवतपोषित मांसाच्या बाजाराशी त्याचा संबंध नाही.

तथापि या उद्योगातील गुरांचा वंश मोठ्या प्रमाणावर भारतीय आहे. ब्राझीलमधील नेलोर ही प्रमुख जात आंध्रातील ओंगोल गुरांपासून आली असून तिचे नाव नेल्लोरवरून पडले आहे. उष्णता व गोचीड सोसण्याची क्षमता आणि निकृष्ट गवतावर तग धरण्याचा काटकपणा यांमुळे भारतीय वशिंडाची गुरे तेथे रुजली. अमेरिकेतील ब्राह्मण ही जात १८५४ ते १९२६ या काळात आणलेल्या वशिंडाच्या गुरांपासून घडवली गेली. तिच्यात गीर, कांकरेज व ओंगोल यांबरोबर कृष्णा खोऱ्यातील गुरांचेही रक्त आहे. सांगली, सातारा, सोलापूर व लगतच्या कर्नाटकातील काळ्या चिकण जमिनीत नांगर ओढण्यासाठी जोपासलेली ही थोराड जात ट्रॅक्टर आल्यानंतर तिच्या मूळ प्रदेशात दुर्मीळ झाली आहे.